‘मजा आली’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने

मुलुंडमध्ये आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो. अलीकडे वाचलेली कादंबरी, पाहिलेला सिनेमा, नाहीतर खेळलेला एखादा पटावरचा खेळ, यांपैकी जे आवडलं त्याबद्दल ज्याने त्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी उलटतपासणी घ्यायची, असा साधा मामला. अध्यक्ष नाही, हारतुरे नाहीत, चहा आळीपाळीने. मागच्या बैठकीला एक निवृत्त शिक्षक पाहुणे म्हणून आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी आमची बिनपाण्याने केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ‘मजा आली’ हे मत नव्हे, तो ढेकर आहे. मत अभ्यासकांनी द्यावं. इतरांनी वाचावं, पाहावं आणि घरी जावं. कादंबरी-सिनेमा एक वेळ ठीक, पण फासे-सोंगट्यांचे खेळ त्यांच्या पंगतीला बसवणं हा साहित्याचा अपमान आहे. खेळायचंच तर बुद्धिबळ खेळा, बाकी सगळा पोरखेळ.

सरांचा व्यासंग मोठा, वयही मोठं, शिवाय कांदेपोहे पुढ्यात. तिथल्या तिथे वाद घालणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे लेखी उत्तर.

पंगतीचीच भाषा करायची, तर कादंबरीला तरी पान कधी मांडलं गेलं ते आधी पाहू. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं. मग हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली १८६१ मध्ये, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये. लोक या अद्भुत गोष्टी आवडीने वाचू लागले, तशी जाणत्यांच्या कपाळावर आठी चढली. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांना ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून या दोन्ही प्रकारांची झडती घ्यावीशी वाटली. म्हणजे आज सर ज्या कादंबरीला यजमानाच्या पाटावर बसवतात, तिलाही एकदा दारात उभं करून कुळगोत्र विचारलं गेलं होतं. सिनेमाचं तर सांगायलाच नको. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना, शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांनी लुगडं नेसून ती भूमिका केली. पुढे चाळीसेक वर्षांत अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि शाळाशाळांतून मुलांना रांगेने तो सिनेमा दाखवायला नेऊ लागले. नवं आलं म्हणजे ते चांगलंच, असं मी म्हणत नाही. १८६० नंतरच्या पुष्कळ अद्भुत कादंबऱ्या आज वाचवत नाहीत हे खरंच आहे. माझं म्हणणं एवढंच की कोणत्या पंगतीचं आहे यावरून एखादी गोष्ट बरी-वाईट ठरवण्याचा आपल्याकडचा हिशेब याआधी दोनदा चुकला आहे. तिसऱ्यांदा तोच मांडताना सरांनी जरा थांबायला हवं होतं.

आता अभ्यासकांच्या मताकडे येऊ. तो शब्द कानावर पडला की मला नारायण धारप आठवतात. २००८ मध्ये ते गेले. आयुष्यभर त्यांनी भयकथा, विज्ञानकथा, गूढ कादंबऱ्या ढिगाने लिहिल्या. मराठी समीक्षेने त्यांना काय दिलं? बहुतेक ठिकाणी तळटीप, आणि तीही नाक मुरडत. तीच गत बाबूराव अर्नाळकरांची. हजाराहून अधिक रहस्यकथा, झुंजार आणि काळापहाड ही घराघरांतली नावं, आणि वाङ्मयाच्या इतिहासात मात्र ‘लोकप्रिय’ असा एक शेरा, जो आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. मग धारप टिकले कोणाच्या जिवावर? दिवसाला काही पैसे भाडं घेणाऱ्या वाचनालयांच्या, लोकलच्या डब्यात मांडीवर पुस्तक ठेवून शेजाऱ्याला ‘हे वाचलंस का, काय टरकवलंय’ म्हणणाऱ्या माणसांच्या, आणि थोरल्या भावाच्या गादीखालून पुस्तक पळवणाऱ्या धाकट्यांच्या. या लोकांनी निबंध लिहिले नाहीत. त्यांनी ‘मजा आली’ म्हटलं आणि पुस्तक पुढच्याच्या हातात दिलं. सर ज्याला ढेकर म्हणतात, त्यावर एक लेखक दोन-तीन पिढ्या जगला.

आणि पुढची गंमत तर फारच बोलकी आहे. धारपांच्या एका कथेतून राही अनिल बर्वे यांना ‘तुंबाड’चं बीज मिळालं. (राही हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचे चिरंजीव, म्हणजे इथेही एक कादंबरी उंबऱ्यात उभी आहेच.) नाव घेतलं ते श्री. ना. पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’मधल्या गावाचं. २०१८ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात या चित्रपटाने झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो आपल्याकडे लागला आणि तिकीटखिडकीवर बेताचाच चालला. मग लोक घरी पाहून एकमेकांना सांगत राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला त्याने गोळा केला. मधल्या सहा वर्षांत चित्रपटात एक चौकट बदलली नव्हती. बदललं ते एवढंच की पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांच्या मागे लागून लागून त्यांना पाहायला लावलं.

पण ही साखळी सिनेमापाशी संपत नाही, म्हणून तर मी ती उलगडते आहे. ‘तुंबाड’चे एक सहलेखक आणि क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणजे आनंद गांधी, ‘शिप ऑफ थिसियस’चे दिग्दर्शक. त्यांनी आणि झैन मेमन यांनी मुंबईत मीमेसिस कल्चर लॅब नावाची संस्था काढली. केजरीवालांच्या राजकारणप्रवेशावरचा ‘ॲन इनसिग्निफिकंट मॅन’ हा माहितीपट याच घरचा. आणि २०१९ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करून मेमन यांनी आणला ‘शासन’ हा पटावरचा राजकारणाचा खेळ. आता सरांनी मला सांगावं : धारपांच्या कथेपासून ‘तुंबाड’पर्यंत आणि ‘तुंबाड’च्या सहलेखकाच्या घरातून ‘शासन’पर्यंत यायला ज्या माणसांना मध्ये कुठे जोडे काढावे लागले नाहीत, त्यांच्या वाचकांनी, प्रेक्षकांनी आणि खेळाडूंनीच तेवढं तीन वेगळ्या पंगतींत का बसायचं?

‘शासन’ आम्ही खेळलो तेव्हाचं माझं मत सांगते, म्हणजे खेळाबद्दल मत असतं म्हणजे काय असतं तेही कळेल. प्रत्येक खेळाडू पुढारी. आपल्या पाळीला एक पत्ता वाचून दाखवला जातो, त्यावर धोरणाचा एखादा तिरपागडा प्रश्न आणि दोन उत्तरं. उत्तर द्याल तसा तुम्हाला पैसा, दरारा, प्रसिद्धी नाहीतर लोकांचा विश्वास यांतलं काहीतरी मिळतं, आणि ते खर्चून तुम्ही मतदार गोळा करता. एखाद्या भागात बहुमत झालं की दुसऱ्याचे मतदार इकडचे तिकडे हलवायची मुभाही मिळते. खेळाची करामत अशी की तुमच्या उत्तरांचे पत्ते तुमच्याच समोर साचत जातात. तासाभराने खाली पाहावं तर आपण स्वतःला आदर्शवादी समजत होतो आणि समोरचा ढीग हुकूमशहाचा. हे एखाद्या कादंबरीने करायचं म्हटलं तर तिला एक पात्र उभं करून त्याचा अधःपात रंगवावा लागेल. इथे पात्र आपणच. दोषही आहे. तीन-चारदा खेळलं की कोणतं उत्तर कशाच्या बदल्यात येणार याचा वास आधीच येतो, आणि मग माणसं प्रश्न वाचायचे सोडून थेट मोबदल्याकडे पाहतात. माझ्या मते ही लेखनातली उणीव आहे, पत्त्यांवरच्या वाक्यांतली. आमच्यातला एक जण म्हणाला, उणीव कसली, राजकारणात तसंच होतं. त्यावर बरीच बाचाबाची झाली. सरांनी नेमक्या याच बाचाबाचीला पोरखेळ म्हटलं होतं.

खेळ पोरखेळ वाटतो याचं खरं कारण मला दिसतं ते असं की खेळाला लेखक असतो हेच आपल्याला ठाऊक नसतं. पुस्तकावर नाव असतं, सिनेमाच्या पाट्या असतात. खेळाचा खोका बापडा अनामिक. जर्मनीतही बराच काळ हीच स्थिती होती. १९८८ साली न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत काही रचनाकारांनी बिअरच्या ग्लासाखालच्या चकतीवर सह्या केल्या : खोक्यावर आमचं नाव छापणार नसाल तर आमचा खेळ तुम्हाला मिळणार नाही. तेव्हापासून तिथे खोक्यावर नावं दिसू लागली. क्लाउस टॉयबर हा दातांच्या कवळ्या बनवणारा तंत्रज्ञ. त्याचा ‘कतान’ १९९५ मध्ये आला आणि जगभर त्याचं नाव झालं. त्या देशात वर्षातल्या उत्तम खेळाला १९७९ पासून पुरस्कार दिला जातो, आणि निवड करतात ते खेळांवर लिहिणारे समीक्षक. घ्या, सरांना हवे तसे अभ्यासकसुद्धा आहेत! फक्त आपण त्यांना वाचलेलं नाही.

लेखक आहे म्हटल्यावर त्याला काही म्हणायचंही असणार. याचं उदाहरण शोधायला जर्मनीला जायला नको. मुलुंडच्या निम्म्या घरांत ते माळ्यावर पडून आहे. व्यापार. कागदी नोटा, सुट्टीत दुपारी मांडलेला पट, शहरं विकत घेणं, भाडं उकळणं, तुरुंग. रात्रीपर्यंत एकाकडे सगळं जातं आणि उरलेले जांभया देत त्याला भाडं भरत राहतात. लहानपणी आम्हाला वाटायचं, खेळ भारी पण शेवट कंटाळवाणा. तो शेवट तसाच असावा ही त्याच्या मूळ लेखिकेची इच्छा होती. एलिझाबेथ मॅगी ही अमेरिकन बाई. जमिनीच्या मालकीतून आयती मिळणारी कमाई समाजाची आहे असं मानणाऱ्या हेन्री जॉर्जची ती अनुयायी. १९०४ साली तिने ‘द लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं. त्या खेळाला तिने नियमांचे दोन संच केले : एकात संपत्ती वाढली की सगळ्यांनाच वाटा, दुसऱ्यात एकाने सगळं गिळायचं. दोन्ही खेळून पाहा आणि ठरवा, असा तिचा डाव. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने तिला पाचशे डॉलर देऊन पेटंट विकत घेतलं, ‘मोनोपॉली’चा जनक म्हणून चार्ल्स डॅरो नावाच्या माणसाचा गाजावाजा केला, आणि जगात, त्यावरून बेतलेल्या आपल्या व्यापारातही, उरला तो फक्त दुसरा संच. म्हणजे उपहासाची कादंबरी छापताना प्रकाशकाने उपहास काढून टाकावा आणि लोकांनी ती यशाचं पुस्तक म्हणून वाचावी, तसं झालं.

मुलुंडकराने हे समजून घ्यायला विशेष कारण आहे. या उपनगराची पश्चिम बाजू हीच मुळी आखलेल्या पटासारखी आहे. स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतच्या सरळ गल्ल्यांचा आराखडा १९२२ मध्ये क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी केला. आज त्याच गल्ल्यांतून चालताना दर चार इमारतींमागे एक पत्र्याच्या कुंपणात गेलेली दिसते, आणि तीन मजल्यांच्या जागी तेवीस मजले उभे राहत असतात. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत कॉर्पस, चटईक्षेत्र आणि भाड्याचे धनादेश यांवर रात्री अकरापर्यंत खल चालतो. मॅगीबाईंचा तो पहिला, सगळ्यांना वाटा देणारा संच हरवला नसता आणि आमच्या पिढीने सुट्ट्यांत दोन्ही खेळले असते, तर या सभांत निदान प्रश्न तरी निराळे विचारले गेले असते असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. पण ‘श्यामची आई’ पाहून मुलं सुधारतात हेही कोणी सिद्ध केलेलं नाही. तरी ती रांग निघालीच ना?

द्यूताचा मुद्दा सर ओघात काढणार हे माहीत होतं, आणि त्यांनी तो काढलाच. धर्मराजाने काय केलं ते आम्हालाही ठाऊक आहे. पण वेरूळच्या २१ व्या लेण्यात, रामेश्वरात, शिवपार्वती फाशांचा पट मांडून बसलेले कोरले आहेत. ज्याने ते शिल्प घडवलं त्याला त्यात देवांचा अपमान दिसला नसावा. मोक्षपट तर धर्मशिक्षणाचंच साधन होतं : सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप, वर मोक्ष. तो ज्ञानेश्वरांनी रचला अशी गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगतात. हाती लागलेले पट मात्र त्यांच्या काळाच्या फार नंतरचे आहेत, तेव्हा त्या गोष्टीवर मी माझी बाजू उभी करणार नाही. पण ७२ किंवा ८४ घरांच्या त्या जुन्या पटांवर शिड्या थोड्या आणि साप पुष्कळ असत हे ध्यानात घेण्याजोगं आहे. चढणं दुर्मीळ, घसरणं नेहमीचं. पुढे इंग्रजांनी हा खेळ उचलला आणि साप-शिड्या बरोबरीला आणल्या. दोन समाजांनी पाप-पुण्याचा जमाखर्च कसा मांडला, ते एका पुठ्ठ्यावर मोजून दाखवता येतं. एवढं सांगणाऱ्या गोष्टीला कादंबरीशेजारी बसायला अजून कोणता दाखला हवा?

बुद्धिबळाला मात्र सरांची परवानगी आहे. का? ‘त्यात बुद्धी लागते.’ लागते, शंकाच नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक १८१४ मध्ये इंग्रजीतून मुंबईत छापलं गेलं होतं. खाडिलकर भगिनींनी मुंबईतूनच देशातलं महिला बुद्धिबळ वर्षानुवर्षं गाजवलं. आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या इमारतीत पेढे वाटले गेले. पण बुद्धिबळाला मान आहे तो त्यात बुद्धी लागते म्हणून की चषक मिळतो म्हणून? चषक नसलेल्या, चार जणांनी मिळून हसतखेळत खेळायच्या पटालाही बुद्धी लागते. फक्त तिचा फोटो पेपरात येत नाही.

मानचिन्हाकडे पाहून दाद देण्याची ही सवय सरांना पुस्तकांच्या बाबतीतही आहे, आणि माझा खरा राग तिथे आहे. आमच्यातल्या एकाने कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’बद्दल सांगितलं. धरणात गेलेलं गाव, उठवून दुसरीकडे नेलेली माणसं, मागे राहून रानटी झालेली म्हैस आणि तिला आणायला परत जाणारा माणूस. हे सांगणारा गडी बँकेत नोकरी करतो, समीक्षेचं पुस्तक त्याने उघडलेलं नाही. तो म्हणाला, ‘म्हैस माणसाला ओळखत नाही हे वाचताना मला त्या माणसाचा नाही, म्हशीचा पक्ष घ्यावासा वाटला, आणि मग माझं मलाच विचित्र वाटलं, कारण धरणाचं पाणी आपण पितो.’ मुंबईच्या उपनगरात नळाखाली बादली लावणाऱ्या माणसाने विस्थापितांच्या कादंबरीबद्दल बोलायचं ते आणखी काय? यावर सरांची प्रतिक्रिया : ‘चांगली आहे, तिला २०२३ चं साहित्य अकादमी आहे.’ आता यात मत कोणाचं आणि ढेकर कोणाचा? अकादमीचंच प्रमाण मानायचं तर नंदा खऱ्यांच्या ‘उद्या’चं काय करायचं? २०२० चा पुरस्कार त्या कादंबरीला जाहीर झाला आणि पुरस्कार घेणं आपण केव्हाच थांबवलं आहे असं सांगून खऱ्यांनी तो नाकारला. त्या दिवशी ‘उद्या’ एका वाक्यानेही कमी झाली नाही, की वाढलीही नाही. कंपन्यांच्या आणि पाळतीच्या विळख्यातला तिचा समाज मला वाचताना इतका ओळखीचा वाटला की मध्येच मोबाइल उपडा ठेवला. मला ती मधल्या भागात पसरट वाटते, माहिती गोष्टीवर चढून बसते, आणि तरी ती मला हवी आहे. हे माझं मत. अकादमीला त्याचा उपयोग नाही, पण पुढच्या वाचकाला होईल.

सिनेमांचंही तसंच. ‘साबर बोंडं’ आणि ‘दशावतार’ हे दोन्ही सप्टेंबर २०२५ मध्ये आठवड्याच्या अंतराने लागले. पहिल्याला त्याच वर्षी सनडान्स महोत्सवात ज्यूरीचा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला, दुसरा इथे दणकून चालला. सरांच्या हिशेबाने पहिला कला, दुसरा करमणूक, विषय संपला. आमच्याकडे विषय तिथून सुरू झाला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’मध्ये वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांच्यातलं प्रेम आहे. त्यातली माझ्या मते सर्वांत धीट गोष्ट म्हणजे आरडाओरडा नाही. सुतकाचे नियम, कपड्यांपासून जेवणापर्यंत, नातेवाइकांचं लग्नाचं टुमणं, आणि मुलाला समजून असलेली आई. घुसमट दाखवायला खलनायक लागत नाही, पाहुण्यांनी भरलेलं घर पुरतं, हे दिग्दर्शकाने ओळखलं आहे. आमच्यातल्या एक काकू मात्र ठाम होत्या : फार संथ आहे, मला दोनदा डुलकी लागली. लागली असेल. पण त्यांनीच पुढे सांगितलं की आईचं काम त्यांना डुलकीनंतरही आठवत होतं. ‘दशावतार’बद्दल मी उलट बाजूला होते. दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडल्यावर दशावतारी नट बाबुली मेस्त्री ज्या अंगाने उभा करतात, त्याला तोड नाही. रंग उतरवतानाचा त्यांचा थकवा खोटा वाटत नाही. पण उत्तरार्धात खाणवाल्यांवरचा सूड सुरू झाला की दशावतारी नाटकातली मिस्किली हरवते आणि ढोलांचाच आवाज वाढतो. कोकणातल्या एका मित्राला हे मुळीच पटलं नाही. त्याच्या गावामागे खाणीचा डोंगर आहे. ‘तुला मिस्किली हवी, मला सूडच हवा होता,’ तो म्हणाला. माझं मत त्यामुळे बदललं नाही, पण मी ते आता जरा खालच्या पट्टीत सांगते.

इथे सरांच्या एका मुद्द्याला मी मान देते. ‘मजा आली’ एवढ्यावरच थांबलं, तर त्यांचं बरोबर. पाचपैकी साडेचार तारे, ‘मस्ट वॉच’, ‘पैसा वसूल’ आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘ज्याची त्याची आवड’. हे शेवटचं वाक्य मला सरांच्या वाक्याहून जास्त खुपतं. सर निदान भांडायला उभे राहतात. ‘ज्याची त्याची आवड’ म्हणणारा भांडणच रद्द करतो आणि स्वतःला उदार समजतो. आवड ज्याची त्याची असेल, कारणं सगळ्यांची असतात. ती मांडली की दुसऱ्याला तपासता येतात, खोडता येतात. आमच्या बैठकीत ‘मजा आली’ हे वाक्य उच्चारायला पूर्ण मोकळीक आहे, त्यानंतर गप्प बसायला नाही.

त्या कारणांच्या बाबतीत पुस्तक वाचकाला अडवतं त्याहून खेळ खेळाडूला जास्त अडवतो. मला आवडलेला अलीकडचा खेळ म्हणजे एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा ‘विंगस्पॅन’, २०१९ चा. प्रत्येक पत्त्यावर एक पक्षी, तो कुठे राहतो, काय खातो, घरटं कसलं, अंडी किती. आमच्या पूर्वेला मिठागरं आणि पलीकडे ठाण्याची खाडी, जिथले रोहित पाहायला लांबून लोक येतात. तेव्हा हा खेळ मुलुंडात रुजायला उशीर लागला नाही. चित्रं देखणी, नियम चोख. तरीही आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलीने त्याला नाव ठेवलं आणि कारण दिलं : यात कोणी कोणाच्या वाटेला जातच नाही, प्रत्येक जण आपल्या पाटीवर आपले पक्षी मांडतो आणि शेवटी गुण मोजतो, ही तर आमची सोसायटी झाली. याला उत्तर देताना मला घाम फुटला. आवडलं म्हणणाऱ्याला असा घाम फुटवणारा श्रोता मिळणं, यासाठी तर आम्ही जमतो. अभ्यासकांच्या परिसंवादात असा प्रश्न विचारला की सूत्रसंचालक वेळ संपल्याची आठवण करून देतात.

पण असा श्रोता सगळ्याच खेळांना मिळत नाही. कोरोनाच्या टाळेबंदीत लोकांनी मोबाइलवर जो ‘लुडो किंग’ खेळून खेळून अंगठे झिजवले, तो आमच्या ऐरोली पुलापलीकडच्या नवी मुंबईत तयार झालेला. पचिशीचा नातू म्हणावा असा लुडो विलायतेहून परत आला आणि घराघरांत घुसला, पण त्याबद्दल कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. चांगल्या नाहीत की वाईट नाहीत. कोट्यवधी लोक जे करत होते त्यावर मराठीत मतच नाही. याला मी साहित्याचा सन्मान म्हणणार नाही, आळस म्हणेन.

म्हणून आता एक सूचना, आणि ती सरांसकट सगळ्यांना. मुलुंडला वाचनाची परंपरा आहे. महाराष्ट्र सेवा संघाच्या वाचनालयासारखी जुनी ठिकाणं आहेत. अशा वाचनालयांत एक कपाट खेळांसाठी असावं. चांगला खेळ हजारांत जातो, एका कुटुंबाला परवडत नाही, वर्गणीत परवडेल. फ्रान्स-स्वित्झर्लंडमध्ये खेळ घरी नेऊ देणारी अशी केंद्रं जागोजागी आहेत. पुस्तक परत करताना जसे आपण ग्रंथपालांशी दोन शब्द बोलतो तसे खेळाबद्दल बोलू, आणि हवं तर त्यासाठी एक वही ठेवू : आवडला का, का आवडला, कुठे अडलं.

सर म्हणतील, सोंगट्या हरवतील. हरवतील ना. रहस्यकथेचं शेवटचं पान फाडून नेणारे महाभाग या गावात नव्हते का? त्यांच्यापायी कोणी अर्नाळकरांचं कपाट बंद केलं नाही. ग्रंथपालांनी शेवटचं पान हाताने लिहून चिकटवलं. सोंगट्या मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या, एखादी कमी भरली तर जागी शर्टाचं बटण ठेवायचं.